सहा नाकं

वासाला कायद्यात जागाच नव्हती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. धुराला होती, पाण्याला होती, आवाजालासुद्धा होती. भोंगा जोरात वाजला तर कुणीतरी यंत्र घेऊन यायचं, काटा बघायचं आणि दंड लावून जायचं. नाल्यात रंग सोडला तर बाटली भरून न्यायचे. पण आमच्या गल्लीच्या टोकाला, माझ्या शिलाईच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, सरसाचा कारखाना रोज चामड्याचे तुकडे आणि हाडं उघड्या टाक्यांमध्ये उकळत बसायचा, आणि त्या वाफेचं काय करायचं ते कुठल्याच कलमात लिहिलेलं नव्हतं. सरस म्हणजे सुतार लाकूड चिकटवायला वापरतात तो. जगातल्या निम्म्या खुर्च्या आमच्या जिवावर उभ्या आहेत, असं कारखान्याचा मॅनेजर ऐटीत सांगायचा. असतील बापड्या उभ्या. माझं दुकान मात्र त्यापायी बसत चाललं होतं.

कापड वास धरून ठेवतं. ज्याने कधी सुई हातात धरली नाही त्याला हे सांगून पटत नाही. सकाळी ताग्यातून काढलेलं सुती कापड संध्याकाळपर्यंत टेबलावर राहिलं की संपलं. गिऱ्हाईक शर्ट घ्यायला यायचं, बाह्या बघायचं, काजं-बटणं बघायचं, मग शर्ट नाकाशी न्यायचं आणि चेहरा वाकडा करायचं. एका शाळेचे गणवेश मी वर्षानुवर्षं शिवत होते. तिथल्या बाई एकदा सगळा गठ्ठा परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या की मुलं वर्गात एकमेकांना चिडवतात. मी सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून दिले. पुढच्या वर्षी काम दुसऱ्याकडे गेलं.

प्रदूषण नियंत्रण कार्यालयात मी चपला झिजवल्या. तिथल्या साहेबांना काहीही सांगितलं की ते चष्मा पुसत "बघू" म्हणायचे, म्हणून आमच्या गल्लीने त्यांचं नावच बघूसाहेब ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. पैसे खाणारा तर अजिबात नव्हता, त्यासाठी अंगात जो उत्साह लागतो तोही त्याच्याकडे नव्हता. ते पाहणीला यायचे तेव्हा टाक्यांखालची आग नेमकी विझलेली असायची. मग ते भिंतीपाशी उभे राहून मान वर करून दोन-तीनदा श्वास घ्यायचे आणि आत्ता तर काही येत नाही म्हणायचे. मी म्हणायची, तुम्ही येणार हे कारखान्याला आधी कळतं आणि आम्हाला नंतर, हा कुठला न्याय? ते पुन्हा चष्मा पुसायचे.

गिऱ्हाइकांचं दुःख एक वेळ मी गिळलं असतं. पण मुलगा गेला. सूनबाईला दिवस गेले तशी तिला त्या वासाने उलट्या सुटल्या, आणि मुलाने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला भाड्याने दोन खोल्या घेतल्या. जाताना म्हणाला, "आई, वास गेला की दुसऱ्या दिवशी सामान घेऊन परत येतो." मी ते वाक्य धरून बसले. दुकानाच्या वरची खोली रंगवून घेतली. खिडकीला पडदे शिवले, पाळण्याला झालर लावली. नात झाली, बसायला लागली, रांगायला लागली, आणि वरची खोली तशीच कुलपात.

मी त्यांच्याकडे जायची. नातीला मांडीवर घ्यायची. पण जरा वेळ झाला की सूनबाई काही ना काही कारण काढून तिला उचलून न्यायची, आणि परत आणायची तेव्हा पोरीच्या अंगात दुसरा फ्रॉक असायचा. घाम येतो हो तिला, असं म्हणायची. बाहेर गारठा असला तरी पोरीला घाम. मी शिवलेले फ्रॉक तर तिच्या अंगात मी एकदाही पाहिले नाहीत. चुण्या घातलेले, आतून मऊ अस्तर लावलेले, असे फ्रॉक बाजारात कुणी शिवून देणार नाही. मी प्रत्येक वेळी एक घेऊन जायची, ती "छान आहे हं आई" म्हणून घ्यायची, आणि फ्रॉक आत जायचा तो गडपच. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकच समाधान होतं. संध्याकाळी मुलगा कामावरून आला की दार उघडल्या उघडल्या, मी आत कुठेही असले तरी, म्हणायचा, "आई आलीये वाटतं." मला फार बरं वाटायचं. न बघता ओळखतो, शेवटी माझा मुलगा आहे.

आणि मग एके दिवशी कायदा बदलला.

बघूसाहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं. आता वासही मोजायचा. यंत्राने नाही, कारण वास मोजणारं यंत्र अजून नाकाच्या पासंगालाही पुरत नाही. तर माणसांनी मोजायचा. कारखान्याच्या भिंतीपाशी, न कळवता, चालू टाक्यांची हवा पिशव्यांमध्ये भरायची. ती प्रयोगशाळेत न्यायची. तिथे स्वच्छ हवा मिसळून ती खूप पातळ करायची आणि सहा माणसांनी हुंगायची. मग थोडी कमी पातळ, मग आणखी कमी. कितव्या पायरीला कुणाला वास कळतो, त्यावरून आकडा काढायचा. आकडा मर्यादेच्या वर गेला तर कारखान्याने टाक्यांना झाकणं घालायची आणि वाफ धुणारं यंत्र बसवायचं, नाहीतर टाळं. मी विचारलं, झाकणं खरंच घालायला लागतील? ते म्हणाले, कायदाच आहे आता. त्यांच्या तोंडून "बघू" न निघाल्याचा तो पहिलाच दिवस होता.

घोडं अडलं ते सहा माणसांवर. बघूसाहेब म्हणाले की ती बाहेरून आणायची, लांब राहणारी. मी उसळलेच. वास आमचा, आणि हुंगणार परके? उद्या कारखान्याने त्यांना चहा पाजला तर? इतकी वर्षं आम्ही भोगलं, आणि आता मोजायची वेळ आली तर आम्ही बाहेर उभं राहायचं? माझ्याबरोबर गल्लीतले मास्तर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्गच मिळत नव्हता, त्यामुळे त्यांनी तिथे नागरिकांच्या हक्कांवर एक तास घेतला. आमचा सलूनवालाही होता. त्याने फक्त मान डोलावली, पण वस्तरा धरणाऱ्याची मान डोलली तरी माणूस जरा दबकतो.

बघूसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. जे वासात राहतात त्यांना घेऊ नये. नाकाला सवय होते."

"सवय?" मी म्हटलं. "सवय झाली असती तर इतकी वर्षं तुमच्या दारात कशाला आले असते?"

त्यांनी चष्मा पुसला. मी रोज त्यांच्या कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसायला लागले. शिवण बरोबर न्यायची, तिथेच काजं करायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची की स्वतःच्या घरातला वास स्वतः हुंगायची परवानगी कुणाकडून घ्यायची असते. शेवटी त्यांनी हात टेकले, सहांपैकी तीन जण गल्लीतले घ्यायला तयार झाले. नियमात रहिवाशांना घ्यावं असंही नव्हतं आणि घेऊ नये असंही नव्हतं, दोन्ही बाजूंची संमती असली म्हणजे झालं. मला वाटलं, आता कारखाना फाटे फोडणार. पण मॅनेजर स्वतः आला, हसतमुखाने सही करून गेला, वर म्हणाला की तिघंच का, सगळे सहा रहिवासी घेतले तरी आमची हरकत नाही. गल्लीत आम्ही त्या दिवशी विजयी वीरांसारखे फिरलो. शत्रू इतका खूश का आहे, हे विचारायची बुद्धी आम्हा तिघांतल्या एकालाही झाली नाही.

तर सहा नाकं ठरली. तीन आमची: मी, मास्तर आणि सलूनवाला. तीन बाहेरची, शहराच्या पलीकडच्या भागातली: एक कॉलेजात शिकणारी मुलगी, एक नर्स आणि एक पोस्टमन.

त्या दिवशी चहा नाही, साबण सुवासिक नको, केसांना तेल नको, अशा सूचना होत्या. मी तर आदल्या दिवशीपासून मसाल्याचं काही खाल्लं नव्हतं. प्रयोगशाळेची खोली पांढरी, थंड आणि इतकी स्वच्छ होती की आपणच घाण आहोत असं वाटावं. आधी आमची परीक्षा झाली. तिथल्या मुलीने एक बाटली हुंगायला दिली, तिचा वास स्केचपेनसारखा होता. सगळे पास. सगळ्यांची नाकं ठणठणीत आहेत, असं ती म्हणाली. मास्तरांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

मग एकेकाला पडद्यामागे बोलावणं सुरू झालं. तिथे एका यंत्राला काचेची तीन नरसाळी होती. त्यातल्या दोनांमधून नुसती स्वच्छ हवा आणि एकातून कारखान्याची. कुठल्यातून ते कुणालाच माहीत नाही. तीनही हुंगायची, एकाचं बटण दाबायचं, आणि खात्री आहे की नुसता अंदाज ते सांगायचं. फसवायची सोय नाही. मला ते फार आवडलं होतं. म्हटलं, बरं झालं, कारखान्याला काही म्हणायला जागा नको.

पहिल्या फेरीत मला काही कळलं नाही. खूप पातळ असेल, म्हणून मी एक बटण दाबलं आणि अंदाज म्हणाले. दुसऱ्या फेरीतही तेच. बाकावर बसून मी इतरांकडे बघत होते. कॉलेजची मुलगी तिसऱ्या फेरीनंतर बाहेर आली ती पाणी मागतच. नर्स चौथ्या फेरीनंतर रुमाल नाकाला लावून बसली. तिने जखमा धुतलेल्या असणार, बाकी काय काय बघितलेलं असणार, आणि ती बाई तोंड फिरवून बसली होती. पोस्टमन दाराकडे बघत होता. मी मनात म्हटलं, बघा, बघा, आम्ही यात जेवतो, यात झोपतो. मला आनंद होत होता. मग माझी पाळी आली. मी आत गेले, तिन्ही नरसाळ्यांवर वाकले, आणि तिन्हींमधून हवा आली. नुसती हवा. कोऱ्या कापडासारखी.

मी त्या मुलीला विचारलं, यंत्र सुरू आहे ना? ती हो म्हणाली. मी पुन्हा हुंगलं. नाक पुसलं, पुन्हा हुंगलं. डोळे मिटले. इतक्या वर्षांचा राग गोळा करून मी त्या काचेत नाक खुपसलं आणि मला काहीही आलं नाही. अंदाज, मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

बाहेर सलूनवाला नखं बघत बसला होता. मास्तर छताकडे. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं, आणि तेव्हाच मला समजलं की त्यांचंही तसंच झालं आहे. पुढच्या फेऱ्यांना बाहेरच्या तिघांना बोलावलंच नाही. त्यांचं काम झालं होतं. आम्ही तिघंच आत जात होतो आणि बाहेर येत होतो.

अगदी शेवटच्या फेरीत, जेव्हा पिशवीतली हवा जवळजवळ जशीच्या तशी सोडली होती, तेव्हा मधल्या नरसाळ्यातून काहीतरी आलं. मी थबकले. तो वास घाण नव्हता. किंचित ऊबदार, ओळखीचा. तो माझ्या दुकानाचा वास होता. शटर वर केलं की येतो तो, मशीनच्या तेलाचा, कापडाचा, माझ्या उशीचा. हा घरचा वास इथे कुठून आला, असं वाटून मी क्षणभर खुळ्यासारखी हसले, आणि मग झटकन मान मागे घेतली. मी मधलं बटण दाबलं. खात्री आहे का, तिने विचारलं. मी हो म्हटलं.

निकाल बघूसाहेबांनी सांगितला. सहा जणांची सरासरी काढतात. बाहेरच्या तिघांचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता, आमच्या तिघांचा जमिनीला टेकलेला. सरासरी मर्यादेच्या आत आली, थोडक्यात, पण आत. कारखाना कायद्यात बसला. झाकणं नाहीत, यंत्र नाही, टाळं नाही. मी ओरडले की पुन्हा घ्या चाचणी, आत्ता घ्या, सहाही बाहेरची घ्या. ते म्हणाले, वर्षभर हाच निकाल. दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेली चाचणी उलटवता येत नाही. संमती, म्हणजे माझी सही.

मी भांडले. तिथेच उभी राहून भांडले. तीन माणसं गुदमरताना बघितली ना तुम्ही, मग सरासरी कसली काढता? तीन माणसांना जीव नकोसा होतो आणि तिघांना कळतही नाही, यात जास्त वाईट कोण, एवढं साधं तुमच्या कायद्याला कळत नाही? ज्यांचं नाकच मेलं त्यांच्या मेलेल्या नाकाचा फायदा कारखान्याला? बघूसाहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "मी म्हणालो होतो," एवढंच म्हणाले, तेही हळू. तोंडसुख घेतलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडायला तरी कुणी उरलं असतं.

येताना बसमध्ये सलूनवाला म्हणाला, "मावशी, मग आपण रोज कशावर चिडत होतो?" मी विचार करत राहिले. भिंतीवरून पांढरी वाफ उठली की माझं डोकं दुखायचं. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं की माझा संताप व्हायचा. मी वास बघत होते, लोकांच्या चेहऱ्यावरून वाचत होते. स्वतः शेवटचा कधी घेतला होता, ते काही केल्या आठवेना.

आणि मग बसमध्ये बसल्या बसल्या मला नातीचे फ्रॉक आठवले.

मी घरी उतरलेच नाही. तशीच पुढे मुलाकडे गेले. दुपार कलली होती, मुलगा कामावर होता. सूनबाईने दार उघडलं, मागे पोरगी रांगत माझ्याकडे यायला लागली. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हटलं, तिला धर. सूनबाई गोंधळली. निकाल लागला का, तिने विचारलं. मी ते सांगितलंच नाही. मी विचारलं, "मला वास येतो का गं?"

तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाली, "येतो, आई."

"फ्रॉकना?"

"त्यांनाही. मी गरम पाण्यातून काढते, गच्चीवर वाळत टाकते, पुन्हा धुते. गेला की घालते तिला. तुमचेच फ्रॉक घालते ती रोज. तुम्ही येता त्या दिवशी दुसरे असतात, कारण..." आणि ती थांबली. कारण मला कळलं. मी मांडीवर घेतलं की ते पुन्हा धुवावे लागले असते.

मी विचारलं की मला एकदा तरी सांगायचं नाही का. ती म्हणाली, "तुम्ही त्या वासासाठी एवढ्या भांडत होता. मला वाटलं, तुम्हाला तर सगळ्यांपेक्षा जास्त येत असेल."

मी उंबऱ्यावर उभी राहून रडले. मला लाज वाटली, राग आला, कारखान्याचा आला, बघूसाहेबांचा, त्या सरासरीचा, आणि सगळ्यात जास्त माझा. त्या मुलीला मी मनात काय काय बोलले होते. ती मात्र माझा हात धरून मला सरळ न्हाणीघरात घेऊन गेली. पाणी काढून दिलं, तिचा साबण दिला, तिचा धुतलेला गाऊन दिला. केससुद्धा धुवा, म्हणाली. माझे कपडे, पिशवी आणि चपला तिने एका बादलीत घालून बाल्कनीत ठेवल्या आणि दार लावून घेतलं. पूर्वी हेच केलं असतं तर मी त्या घराची पायरी चढले नसते.

मग आतल्या खोलीत पलंगावर तिने पोरीला माझ्याजवळ दिलं. मी शिवलेला पिवळा फ्रॉक तिच्या अंगात होता. धुऊन धुऊन रंग उडाला होता, पण टीप कुठे उसवली नव्हती. कुणी काही कारण काढून तिला उचलून नेलं नाही. ती माझ्या ओल्या केसांशी खेळली आणि खांद्यावर झोपून गेली. मी तिच्या मानेशी नाक नेलं. मला काहीच आलं नाही. लहान मुलांना वास असतो म्हणतात.

दिवेलागणीला बाहेरच्या दाराची कडी वाजली. मुलगा आला. चपला काढल्याचा आवाज झाला. मी वाट बघत राहिले, तो नेहमीचं वाक्य म्हणेल म्हणून. तो दोन पावलं आत आला, थांबला, आणि स्वयंपाकघराकडे वळून सूनबाईला म्हणाला, "काय गं, आज आईचा निकाल होता ना? मला वाटलं, सांगायला येईल. नाही आली?"

नात खांद्यावर झोपली होती, म्हणून मी आतून हाक मारली नाही.